‘पण’च्या आधी काय होतं

माझ्या कामात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा उडवला जाणारा शब्द म्हणजे ‘पण’. मी अंधेरीला एका स्टुडिओत मराठी सबटायटल तपासते, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांकडून आलेल्या ओळी स्क्रीनवर बसतात का, वाचायला वेळ पुरतो का, कुठे अर्थ हुकलाय का, हे सगळं बघायचं. एका ओळीत ४२ कॅरेक्टर, फार तर दोन ओळी, आणि माणूस बोलून संपेपर्यंत बघणाऱ्याचं वाचून झालं पाहिजे. मग ओळ लांब झाली की कात्री कुठे चालते? नावाला हात लावता येत नाही, क्रियापदाला लावता येत नाही, मग राहतात हे जोडणारे शब्द, आणि, मग, तर, की, आणि हो, पण. ‘मी आलो होतो पण तू नव्हतीस’ याचं ‘मी आलो होतो. तू नव्हतीस.’ होतं. पूर्णविराम टाकला की झालं, सगळ्यांना कळतं. सात वर्षं मी हे करतेय आणि सात वर्षं मला खरंच वाटत होतं की काही बिघडत नाही.

मग यंदा पावसाळ्याच्या आधी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ मिळाली. हरि नारायण आपटे. शाळेत नाव पाठ केलेलं, कॉलेजात गाईडमध्ये सारांश वाचलेला, पुस्तक कधी उघडलेलं नाही, माझ्यासारखे असे खूप असणार. पानं पिवळी, कडा हाताला लागून तुटणाऱ्या, मागच्या कव्हरला खाकी कागद चिकटवलेला. मी ती पर्समध्ये टाकली आणि मुलुंड ते दादर स्लो लोकलमध्ये रोज थोडी थोडी वाचायला लागले.

पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही खरं म्हणजे. उभं राहायला जेमतेम जागा होती, पुस्तक छातीशी धरलेलं, आणि नुसतं नाव बघत होते. समोरच्या सीटवरच्या काकूंनी मान वाकडी करून मोठ्याने वाचलं, ‘पण लक्षात कोण घेतो.’ आणि त्या ज्या सुरात बोलल्या ना, तो सूर माझ्या डोक्यातून गेला नाही. मी मनात ते नाव कायम ‘कोण’वर जोर देऊन वाचत होते, म्हणजे जगाला प्रश्न विचारल्यासारखं. काकूंनी जोर दिला ‘पण’वर. आणि मग पुढचं सगळं खालच्या आवाजात, स्वतःशी बोलल्यासारखं. आधी कोणीतरी बराच वेळ काहीतरी सांगतंय, पोटतिडकीने सांगतंय, आणि शेवटी दमून म्हणतंय, पण…

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हे नाव अर्धं आहे. कादंबरीचं नाव ‘पण’ने सुरू होतंय, आणि पण हा काही वाक्याच्या सुरुवातीला जन्माला येणारा शब्द नाही. तो जोडणारा शब्द आहे, त्याला दोन बाजू लागतात. मग नावाच्या आधीची बाजू कुठे आहे?

व्याकरणात पणला उभयान्वयी अव्यय म्हणतात, त्यातलं न्यूनत्वबोधक. पण, परंतु, परी, किंतु, असे सगळे त्या एका रांगेत बसलेले. शाळेत आम्हाला असं शिकवलं होतं की आधीच्या वाक्यात काही उणीव आहे, काहीतरी कमी पडतंय, हे पणमुळे कळतं. उदाहरण ठरलेलं, ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’. तेव्हा घोकलं आणि पेपरात लिहिलं. आता विचार करते तर त्या परीमध्ये उणीव कुठे आहे? तिथे तर परी वर उचलतोय, मरणाला ओलांडून पुढे नेतोय. आणि ज्ञानेश्वरांचा ‘परि’ बघा, ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके’. बोल साधे मराठीच आहेत, परि अमृताशी पैज लावली तर जिंकतील. केवढा ताठ मानेचा परि आहे तो! तेव्हा पण म्हणजे फक्त उणीव असं नाही, पण म्हणजे वळण, आणि वळण चढाचं की उताराचं हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं असं मला वाटतं.

त्यात आपल्याकडे पण एकटा नाहीये. पैजेचा पण आहे, स्वयंवरात धनुष्य उचलायचा पण असतो तो. बालपण, मोठेपण, बाईपण यातला शेपटीचा पण आहे. आणि मुंबईत तर सगळ्यात जास्त ऐकू येतो तो ‘सुद्धा’वाला पण. ‘मी पण येते’, ‘मला पण दे’. हा आमच्याकडे स्टाइलशीटमध्ये ‘मीही’ करायचा असा नियम आहे, मी तो पाळते, पण घरी मी ‘मी पण’च म्हणते आणि माझी मुलगी दिवसातून पन्नासदा म्हणते. एकाच शब्दात ‘नाही, थांब’ आणि ‘मला पण घ्या’ हे दोन्ही बसलेलं आहे. कादंबरीतल्या यमूची गोष्ट वाचताना मला हे दोन्ही एकदम ऐकू यायचं.

तर दुसऱ्या दिवसापासून मी पेन्सिल घेऊन बसले. पुस्तक माझं स्वतःचं, लायब्ररीचं नाही, त्यामुळे जिथे पण दिसेल तिथे समासात एक बारीक ठिपका. मोजायचे नव्हते मला. फक्त नजर चुकवून जातो ना हा शब्द, तो नजरेत राहावा म्हणून. एखाद्या पानावर तीन-चार ठिपके, मग दोन पानं काही नाही, मग परत. दोन-तीन दिवसांनी काकूंनी विचारलंच, काय गं, परीक्षा आहे का कसली? मी सांगितलं काय करतेय ते. त्या म्हणाल्या, ‘अगं मग आमच्या घरात येऊन बस, वही भरेल.’

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ही यमूची गोष्ट आहे, आणि ती यमूच सांगते, ‘मी’ म्हणून. पुण्यातल्या ब्राह्मण घरातली मुलगी. बाप तापट, आई सोशिक, भावावर जीव. जिवाभावाची मैत्रीण दुर्गी, तिच्या सासरचे हाल. मग यमूचं लग्न, नवरा रघुनाथराव सुधारक विचारांचा, बायकोला लिहायला-वाचायला शिकवणारा. मग दोघांचं मुंबईतलं बिऱ्हाड, मोकळे दिवस, तशाच विचारांच्या मित्रमंडळींची सोबत. आणि मग रघुनाथराव जातात, यमूला परत सासरी यावं लागतं, आणि शंकरमामंजी नावाचा जो माणूस आहे तो तिच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन करवतो, म्हणजे विधवा म्हणून डोक्यावरचे केस काढायला लावतो. एका पुरुषाने १८९० च्या सुमाराला एका मुलीच्या तोंडून, तिच्या बोलण्याच्या भाषेत ही एवढी मोठी गोष्ट सांगितली, हे मला आजही फार मोठं वाटतं. बोलण्याची भाषा म्हणजे ती थांबते, मागे जाते, सांगायचं राहिलेलं मध्येच आठवतं, आणि असं बोलणारं कोणीही पणशिवाय दोन पावलं जाऊ शकत नाही.

ठिपके देता देता मला कळलं की ही अख्खी गोष्टच पणच्या सांध्यांवर उभी आहे. मुलगी हुशार आहे, पण मुलगी आहे. आईचा जीव आहे, पण तिचं घरात चालत नाही. नवरा चांगला मिळाला, पण घर त्याचं एकट्याचं नाही. मुंबईत सुख होतं, पण. ही वाक्यं माझी आहेत, पुस्तकातली नाहीत, पण कोणताही भाग घ्या आणि एका वाक्यात सांगायचा प्रयत्न करा, मध्ये पण आल्याशिवाय राहणार नाही. ‘आणि’ घालून सांगून बघा. ‘मुलगी हुशार आहे आणि मुलगी आहे.’ किती साधं, किती निरोगी वाक्य आहे ते! तिथे पण कोणी घातला? भाषेने नाही घातला. घरातल्या माणसांनी घातला. व्याकरण म्हणतं आधीच्या वाक्यात न्यूनत्व आहे, तर ते न्यूनत्व यमूत आहे का? मुळीच नाही, आणि सगळी कादंबरी हेच तर सांगत असते.

मुंबईचा भाग मी मुद्दाम सावकाश वाचला. दिवसाला चार पानं, कधी दोनच. पुढचा पण माहीत होता ना. घाटकोपर आलं की पुस्तक बंद करून खिडकीबाहेर बघायचे. आपण इथे राहणारी माणसं मुंबईला काय काय बोलतो, पण यमूसाठी हे शहर म्हणजे आयुष्यातला एकमेव तुकडा आहे जिथे तिला मोकळा श्वास घेता आला, आणि ते वाचून मला या शहराबद्दल आतून काहीतरी वाटलं, ते शब्दात नाही सांगता येत.

आणि हरिभाऊंनी मुंबई उगाच नाही निवडली असं मला वाटतं. त्या काळात मुंबईत काय चाललं होतं बघा. १८८४ मध्ये रखमाबाईंच्या नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, की बायकोने नांदायला यावं. अकराव्या वर्षी झालेलं ते लग्न. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि रखमाबाई म्हणाल्या तुरुंग चालेल. त्याच पुढे लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते आधी मुंबईतच, गिरगाव चौपाटीजवळ, पुण्याला ते नंतर गेलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा केलं, फक्त बारा, तर त्यावरून केवढा गदारोळ. आणि याच सगळ्याच्या मध्यात, १८९० मध्ये, २६ वर्षांच्या हरिभाऊंनी पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी हप्त्याहप्त्याने छापायला घेतली, ती १८९३ पर्यंत चालली. साप्ताहिकाचं नाव करमणूक आणि आत ही गोष्ट! तीन वर्षं लोक यमूचं पुढे काय होतं याची वाट बघत असणार. घरात एक जण मोठ्याने वाचतोय, दाराआड बायका ऐकतायत, आणि त्यात एखादी डोक्यावर विधवेचं लाल आलवण घेतलेली. मी कल्पनाच करतेय, पण अशी घरं नसतीलच असं कसं म्हणू?

आणि एक गोष्ट मला नव्याने आठवली ती इथे लिहायलाच हवी. १८९० मध्येच मुंबईत नाभिकांची सभा भरली होती. शेकडो लोक जमले आणि ठराव केला की विधवांचे केस यापुढे आम्ही काढणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे, आपल्या गिरणी कामगारांचे नेते, सत्यशोधक, त्यांचं नाव या चळवळीशी जोडलेलं आहे. म्हणजे बघा, तिकडे कादंबरी नाव घेऊन विचारतेय लक्षात कोण घेतो, आणि इकडे ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच लक्षात घेतलं होतं. शिकलेल्या, कोर्टकचेरीत जाणाऱ्या माणसांची अजून वर्तमानपत्रात शास्त्रार्थ काढून भांडणं चालू होती. मी ही गोष्ट ट्रेनमध्ये काकूंना सांगितली तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग भांडुप गेल्यावर म्हणाल्या, ‘हे आम्हाला शाळेत का नाही सांगितलं कोणी?’

आता आजीकडे येते, कारण हे सगळं लिहायला बसले ते खरं तर तिच्यामुळे.

माझी आजी लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली, दोन खोल्या आणि कॉमन गॅलरी. तेव्हा घरात तिच्या नवऱ्याच्या एक लांबच्या काकू होत्या, सगळे त्यांना माई म्हणायचे. लहानपणी नवरा गेलेला, केस काढलेले, आलवण नेसणाऱ्या. आजी आली तेव्हा त्या बऱ्याच म्हाताऱ्या होत्या. मी लहान असताना आजी त्यांची आठवण काढायची, नेहमी तांदूळ निवडताना, का कुणास ठाऊक. समोर परात, चष्मा नाकावर उतरलेला, बोटांनी तांदूळ पसरायचा, खडा दिसला की अंगठ्याने कडेला सारायचा. आणि बोलायची, ‘माई फार हुशार हो. सगळे श्लोक तोंडपाठ. दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब बोटांवर करायच्या, एक पै चुकायची नाही. पण…’

आणि बस. पणवर आजी थांबायची. अंगठ्याने एक खडा कडेला जायचा, मग दुसरा. वाक्य तिथेच. मी लहान होते, मला वाटायचं आजी विसरली पुढचं. कधी कधी मी विचारायचे, पण काय? तर ती म्हणायची, ‘काही नाही, ते सूप दे तिकडचं.’

हे मला त्या दिवशी ट्रेनमध्ये कुर्ल्याच्या आसपास एकदम आठवलं. पुस्तक हातात, बोट कव्हरवरच्या नावावर, आणि मला परातीवरून तांदूळ सरकल्याचा आवाज ऐकू आला. आजीचं वाक्य पणवर संपायचं. हरिभाऊंच्या कादंबरीचं नाव पणने सुरू होतं. म्हणजे हे दोन अर्धे तुकडे एकमेकांना जोडून ठेवले तर एकच वाक्य होतं ना! ‘माई फार हुशार, पण लक्षात कोण घेतो.’ पहिली बाजू मी नावात शोधत होते आणि ती आमच्या घरात होती, बहुतेक सगळ्यांच्याच घरात असेल, तांदूळ निवडताना म्हटलेली आणि अर्ध्यावर टाकलेली. आजीने हे पुस्तक वाचलेलं होतं की नाही मला माहीत नाही, तिला विचारायचं राहून गेलं, ती जाऊन आता अकरा वर्षं झाली.

दादरला उतरले आणि पुलावर न जाता बाकावर बसले, आईला फोन लावला. म्हटलं, आई, आजी माईंबद्दल पण म्हणून थांबायची, पुढे काय होतं? आईला आधी काही कळेना, मला म्हणाली ऑफिसला उशीर नाही का होत तुला. मग म्हणाली, ‘मला सांगितलं होतं एकदा. तुला नाही सांगितलं, तू लहान होतीस.’

पुस्तक आता संपलंय. केशवपनाचं प्रकरण मी ट्रेनमध्ये नाही वाचलं, घरी वाचलं, मुलगी झोपल्यावर, आणि त्या पानांवर ठिपके दिलेच नाहीत, पेन्सिल हातात धरवली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर एक सीन आला. कोणत्या मालिकेचा ते सांगता येत नाही. एक म्हातारी बाई सुनेला सांगतेय, मी तेव्हा बोलले असते पण. एवढंच. पणवर थांबते आणि खिडकीकडे बघते. आलेल्या फाइलमध्ये ओळ होती, ‘मी तेव्हा बोलले असते.’ नियमाने बरोबर, वाचायला सोपी, पूर्णविरामासकट. मी ती तीनदा परत चालवून बघितली. बाई शेवटी अडखळते ना, तेवढं स्पष्ट दिसतं. मी पूर्णविराम काढला, पण लिहिला, तीन टिंबं दिली. वेळेत बसत नव्हतं म्हणून ‘तेव्हा’ काढला. ‘मी बोलले असते, पण…’ असं केलं आणि पुढे पाठवलं, आणि नोटमध्ये लिहिलं की कृपया हा पण काढू नये.

तर आई त्या दिवशी फोनवर सांगत होती. आजी नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिचे केस कमरेखाली होते, दाट, आणि तिला स्वतःला विंचरता यायचे नाहीत, माहेरी आईच घालायची वेणी. सासरी कोणाला सांगणार? तर रोज दुपारी सगळे पुरुष बाहेर गेले की माई तिला गॅलरीच्या दाराशी पुढ्यात घेऊन बसायच्या. फणी लगेच नाही लावायच्या. आधी बोटांनी एकेक गुंता सोडवायच्या, अर्धा अर्धा तास, एकही केस तुटू न देता. आजीने कंटाळून हलायचं म्हटलं तरी हलू द्यायच्या नाहीत. आणि वेणी पूर्ण झाली की ती हातात घेऊन जरा वेळ तशाच बसायच्या, म्हणायच्या, ‘थांब गं, जाऊ नकोस लगेच.’

आई वीस मिनिटं बोलत होती. माझ्या तीन अंधेरी लोकल गेल्या.